भाड्याचं घर विकताना 'रिमेंडर ट्रस्ट': अमेरिकेतल्या मराठी घरमालकांसाठी एक पारख

फ्रीमाँट, सनीव्हेल, एडिसन, नेपरव्हिल. नव्वदच्या दशकात अमेरिकेत आलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांकडे एक जुनं घर असतं. पहिलंवहिलं घेतलेलं, मोठ्या घरात जाताना न विकलेलं आणि तेव्हापासून भाड्याने दिलेलं. कर्ज फिटलेलं असतं, किंमत पाच-सहापट झालेली असते, आणि साठी ओलांडल्यावर भाडेकरूच्या गळक्या नळामागे धावायची हौस राहिलेली नसते. विकायला काढावं तर कराचा आकडा झोप उडवतो. नेमक्या याच घरमालकासाठी 'चॅरिटेबल रिमेंडर ट्रस्ट' नावाची सेवा विकली जाते. हॉटेलात फुकट जेवण, पडद्यावर रंगीत तक्ते आणि तीन वचनं: कर शून्य, आयुष्यभर उत्पन्न, वर दानाचं पुण्य.

दुसरं वचन खरं आहे. तिसरं ज्याचं त्याने ठरवावं. पहिलं अर्धंच खरं आहे आणि सगळा घोळ त्या अर्ध्यात आहे.

आधी मूळ व्यवस्था. अमेरिकी करसंहितेच्या कलम ६६४ मध्ये १९६९ पासून ही सोय आहे. घर तुम्ही एका अपरिवर्तनीय ट्रस्टच्या नावावर करता. अपरिवर्तनीय म्हणजे खरोखरच परतीचा रस्ता नाही. मग घर विकतो तो ट्रस्ट, तुम्ही नव्हे. या ट्रस्टला करमाफी असल्यामुळे विक्रीच्या दिवशी नफ्यावर कर लागत नाही आणि पूर्ण रक्कम गुंतवता येते. ट्रस्ट तुम्हाला दरवर्षी ठरलेल्या टक्क्याने पैसे देतो. हा टक्का ५ पेक्षा कमी आणि ५० पेक्षा जास्त असू शकत नाही. मुदत एक तर तुमच्या, किंवा नवरा-बायको दोघांच्या, आयुष्याएवढी, नाहीतर जास्तीत जास्त २० वर्षं. मुदत संपली की उरलेलं सगळं धर्मादाय संस्थेला. पहिल्या दिवशी हिशेब मांडताना त्या उरणाऱ्या भागाचं आजचं मूल्य निदान १० टक्के यायला हवं. ही अट १९९७ ची. त्या भागापुरती दानाची वजावट तुम्हाला लगेच मिळते.

दहा टक्क्यांची ही चाचणी मालकाचं वय जास्त असेल तर सहज पार पडते, कमी असेल तर दोघांच्या आयुष्याचा ट्रस्ट त्यात अडकतो. वीस वर्षांचा ट्रस्ट असेल तर गणित सोपं आहे: दरवर्षी साधारण १०.९ टक्क्यांपेक्षा जास्त काढायचं ठरवलंत की नापास. मुलांनाही आयुष्यभराचे लाभार्थी करायचं म्हटलं तर बहुतेक वेळा ट्रस्ट याच चाचणीत पडतो, शिवाय गिफ्ट टॅक्सचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

आता त्या 'शून्य करा'कडे. ट्रस्टला कर नाही, पण तुम्हाला मिळणाऱ्या प्रत्येक हप्त्यावर आहे, आणि तो हप्ता कुठल्या पैशातून आला हे तुम्ही ठरवत नाही, कायदा ठरवतो. पैसे चार थरांतून याच क्रमाने बाहेर येतात: आधी व्याज-लाभांशासारखं साधं उत्पन्न, मग भांडवली नफा, मग करमुक्त उत्पन्न, शेवटी मुद्दल. नफ्याच्या थरातही जास्त दराचा नफा आधी बाहेर पडतो. भाड्याच्या घरावर इतकी वर्षं घेतलेल्या घसाऱ्याचा नफा कमाल २५ टक्क्यांच्या दराचा असतो, तो साध्या दीर्घकालीन नफ्याच्या आधी येतो. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांचे हप्ते सगळ्यात महाग पडतात, आणि मुद्दलाच्या करमुक्त थरापर्यंत बहुतेकांची मजल आयुष्यात जात नाही. ही माफी नव्हे. कराचे लांबवलेले हप्ते आहेत.

आकड्यांत बघू. कॅलिफोर्नियातलं कर्जमुक्त घर. सुधारणा धरून खरेदी ३.५ लाख डॉलरची, आजवरचा घसारा २ लाख, म्हणजे करासाठीची किंमत उरली १.५ लाख. विक्री १८ लाखांना, दलाली आणि खर्च १ लाख. नफा १५.५ लाख. पती-पत्नी दोघं ६५ चे, इतर उत्पन्न ३ लाख. थेट विकलं तर घसाऱ्याच्या भागावर २५ टक्क्यांनी ५० हजार, उरलेल्यावर १५ आणि २० टक्क्यांनी मिळून सुमारे अडीच लाख, गुंतवणूक उत्पन्नावरचा ३.८ टक्के अधिभार जवळपास ५९ हजार, आणि राज्याचा कर पावणेदोन लाखांच्या आसपास, कारण कॅलिफोर्निया भांडवली नफ्याला वेगळी सवलत देत नाही. एकूण ५ लाख ४० हजारांच्या घरात. हातात ११.६ लाख.

ट्रस्टमध्ये मात्र पूर्ण १७ लाख राहतात. पाच टक्क्यांनी पहिल्या वर्षी ८५ हजार. बाहेरच्या ११.६ लाखांतून तेवढ्याच दराने ५८ हजार. सेमिनारमध्ये तक्ता इथे थांबतो. पुढचा हिशेब असा: ट्रस्टच्या ८५ हजारांवर केंद्राचा, राज्याचा आणि अधिभार मिळून पाव ते एक तृतीयांश कर जातो, म्हणजे हातात सत्तावन्न ते चौसष्ट हजार. बाहेरच्या ५८ हजारांवर कर कमी, कारण त्यातल्या मुद्दलाचा कर आधीच भरलेला आहे. रोख उत्पन्नातला खरा फरक दिसतो त्यापेक्षा बराच बारीक आहे. खरी जड बाजू दुसरीच असते, ती म्हणजे दानाची वजावट. या वयाच्या जोडप्याला ५ टक्क्यांच्या ट्रस्टमध्ये घराच्या किमतीच्या साधारण ३० ते ३५ टक्के वजावट बसते, म्हणजे ६ लाखांच्या आसपास. पण वाढलेल्या किमतीची मालमत्ता दिली तर एका वर्षात उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच वजावट घेता येते आणि शिल्लक पुढची पाच वर्षंच नेता येते. ३ लाख उत्पन्नावर वर्षाला ९० हजार, सहा वर्षांत ५ लाख ४० हजार. उरलेली वाया. यातून वाचणारा कर सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास. निवृत्तीनंतर उत्पन्न लाखाच्या खाली आलं असेल तर वजावटीचा मोठा भाग कोपराला लावलेला गूळच.

आणि या सगळ्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? बाहेरचे ११.६ लाख मुलांना मिळतात. ट्रस्टमधलं मुलांना काहीही मिळत नाही. म्हणून स्पष्ट सांगायचं तर, ज्याला दान करायचंच नाही त्याला केवळ कर वाचवायला ही सेवा घेऊन फायदा होत नाही. ज्याला तसंही काही द्यायचं आहे त्याच्यासाठी मात्र याहून चांगलं साधन फारसं नाही. सल्लागार या प्रश्नाने सुरुवात करतो की शेवटी टाळतो, यावरून त्याची निम्मी परीक्षा होते.

वजावटीचे आणखी तीन काटे. ट्रस्टच्या कागदात शेवटी पैसे खाजगी फाउंडेशनलाही देता येतील अशी मोकळीक ठेवली असेल तर मर्यादा ३० ऐवजी २० टक्के होते, आणि घराच्या बाबतीत वजावट बाजारभावावर नव्हे तर मूळ किमतीवर मोजली जाते. एका ढिल्या वाक्याने लाखो डॉलरची वजावट जाते. दुसरा, ज्यांनी 'कॉस्ट सेग्रिगेशन' करून कार्पेट, उपकरणं वगैरेंचा घसारा झपाट्याने घेतला असेल त्यांची वजावट त्या हिश्शाने कापली जाते. सरळ रेषेतला २७.५ वर्षांचा घसारा असेल तर ही कापणी लागत नाही. तिसरा नवा आहे: २०२६ पासून उत्पन्नाच्या पहिल्या ०.५ टक्क्याइतकं दान वजावटीत धरलं जात नाही, आणि ३७ टक्क्यांच्या वरच्या पट्ट्यातल्यांना वजावटीचा फायदा ३५ टक्क्यांपुरताच मिळतो. २०२५ च्या आधी बनवलेले तक्ते घेऊन फिरणारे सल्लागार अजून आहेत.

ट्रस्टचा प्रकार निवडताना चूक झाली तर पुढे दुरुस्त होत नाही. ॲन्युइटी ट्रस्टमध्ये पहिल्या दिवशीच्या किमतीवर ठरलेली ठाम रक्कम दरवर्षी द्यावी लागते. त्यात नंतर भरही घालता येत नाही. घर विकलं जाईपर्यंत ट्रस्टकडे रोकड नसते, मग हप्ता द्यायचा कशातून? साध्या युनिट्रस्टमध्ये टक्का दरवर्षीच्या मूल्यावर मोजतात, पण रोकडीची अडचण तीच. घराचा हप्ता म्हणून स्वयंपाकघराचा कोपरा तोडून देता येत नाही. म्हणून घरासाठी बरोबर प्रकार एकच: 'फ्लिप' युनिट्रस्ट. घर विकेपर्यंत जेवढं निव्वळ उत्पन्न असेल तेवढंच दिलं जातं, विक्री झाली की ट्रस्ट साध्या टक्केवारीच्या प्रकारात पालटतो. मेख अशी की पालट विक्रीच्या दिवशी होत नाही, पुढच्या १ जानेवारीला होते. घर डिसेंबरमध्ये विकलं तर काही आठवड्यांत पूर्ण हप्ते सुरू. जानेवारीत विकलं तर जवळजवळ वर्षभर फक्त व्याज-लाभांशावर बसायचं. वर्षअखेर जवळ आली असेल तर विक्री पूर्ण व्हायची तारीख या नजरेने बघायला हवी. पालटण्याआधी ठरलेल्या टक्क्यापेक्षा कमी मिळालेल्या पैशांची राहून गेलेली भरपाई पालटताच बुडते, तीही मागाहून मागता येत नाही. घरासाठी कुणी ॲन्युइटी ट्रस्टच सुचवत असेल तर त्याचं कारण विचारा; समाधानकारक उत्तर क्वचितच मिळतं.

आता क्रमाकडे. या सेवेत जे बिघडतं ते बहुतेक क्रमामुळेच.

पहिलं, कर्ज. घरावर थोडंही मॉर्गेज किंवा होम इक्विटी लाइन बाकी असेल तर पुढे जाऊ नये. कर्जाची मालमत्ता ट्रस्टमध्ये आली की तिच्या उत्पन्नाचा काही भाग 'असंबंधित धंद्याचं उत्पन्न' ठरू शकतो, आणि रिमेंडर ट्रस्टमध्ये अशा उत्पन्नावर १०० टक्के अबकारी कर आहे. छापखान्याची चूक नाही, शंभरच. हा नियम २००६ च्या कायद्याने आला. त्याआधी तर अशा वर्षी ट्रस्टची करमाफीच जायची. दुसरा धोका असा की कर्जाची वैयक्तिक जबाबदारी तुमच्यावर असताना ट्रस्टने हप्ता भरला तर ट्रस्ट तुमचं देणं फेडतोय असं होतं, आणि तो निषिद्ध 'स्व-व्यवहार' ठरतो. जुन्या कर्जांना दहा वर्षांची एक सूट आहे, पण ती फक्त पहिला प्रश्न सोडवते, दुसरा नाही. कर्ज आधी फेडावं किंवा ते दुसऱ्या घरावर हलवावं, आणि कर्जमुक्तीचा कागद काउंटीत नोंदला गेल्याची खात्री करूनच पुढचं पाऊल टाकावं.

दुसरं, गिऱ्हाईक. खरेदीदाराशी करार झाल्यावर ट्रस्ट करणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. नफा तोवर तुमचा 'पिकलेला' असतो, आणि पिकलेलं फळ दुसऱ्याच्या झाडावर टांगून कर टळत नाही. १९७८ चा एक महसुली निर्णय सांगतो की दान घेणारा विक्रीला कायद्याने बांधलेला नसेल तर दात्यावर नफ्याचा कर लागत नाही. पण १९९९ च्या फर्ग्युसन खटल्यात अपील न्यायालयाने केवळ कागदी बंधन पाहिलं नाही. व्यवहार पुरा होणं जवळजवळ निश्चित होतं का हे पाहिलं. २०२३ च्या होन्शाइड खटल्यात शेअर दान झाले ते कंपनीच्या विक्रीच्या अगदी उंबरठ्यावर. तिथे दात्याला नफ्यावर कर तर लागलाच, वर मूल्यांकन नियमात बसत नसल्याने दानाची वजावटही गेली. दोन्हीकडून मार. घर नुसतं लिस्टवर असेल आणि सही केलेली ऑफर नसेल तर बहुधा चालतं. तोंडी 'ठरलंय' आणि ई-मेलवर किंमत पक्की झाली असेल तर मधला धूसर पट्टा सुरू होतो. एस्क्रो (विक्रीचे पैसे आणि कागद तिसऱ्याकडे ठेवण्याचं खातं) उघडला असेल तर विसरा.

तिसरं, कागद. ट्रस्टचा दस्त, ट्रस्टचा स्वतंत्र कर क्रमांक, त्याच्या नावाने ब्रोकरेज खातं, आणि मग डीड. डीड नोंदवायच्या आधी खातं उघडलेलं असावं, कारण टायटल कंपनी विक्रीचे पैसे ट्रस्टच्याच खात्यात पाठवणार. त्याच दिवशी घराचा विमा ट्रस्टच्या नावावर करून घ्यावा. हे विसरलं जातं आणि मध्येच छत गळलं तर विमा कंपनीला नकार द्यायला आयती फट मिळते. भाडेकरू असेल तर भाडेकरार आणि डिपॉझिटही ट्रस्टकडे वळवायचं. मालमत्ता कर, पाणी, बागेची देखभाल हे खर्च ट्रस्टचे. त्यासाठी सुरुवातीलाच थोडी रोकड ट्रस्टमध्ये टाकून ठेवतात. दाता स्वतःच्या खिशातून भरत राहिला तर ती नवी देणगी धरली जाते, आणि दस्तात तशी परवानगी असावी लागते.

चौथं, मूल्यांकन. ५ हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेला पात्र मूल्यांकनकाराचं मूल्यांकन लागतं. ते हस्तांतराच्या आधी ६० दिवसांपेक्षा जुनं नको, आणि रिटर्नच्या मुदतीच्या आत हातात हवं. वजावट ५ लाखांच्या वर असेल तर अख्खं मूल्यांकन रिटर्नला जोडायचं. मालमत्तेच्या दानाच्या फॉर्म ८२८३ वर मूल्यांकनकाराची आणि ट्रस्टीची सही लागते. रियल्टरने दिलेलं 'आजूबाजूच्या विक्रींचं' दोन पानी पत्र इथे कामाचं नाही. अहवाल कराच्या कामासाठी केल्याचं त्यात लिहिलेलं असावं, आणि मूल्यांकनकाराची फी किमतीच्या टक्क्यावर ठरलेली नसावी.

पाचवं, विक्री कोण करणार. कायद्याने दाता स्वतः ट्रस्टी असू शकतो. पण घरासारख्या सहज न विकल्या जाणाऱ्या मालमत्तेचं मूल्य ठरवायला स्वतंत्र ट्रस्टी किंवा पात्र मूल्यांकन लागतं. शिवाय विक्रीची बोलणी दात्याने केली तर पूर्वनियोजित विक्रीचा संशय बळावतो. विक्री होईपर्यंत तरी स्वतंत्र ट्रस्टी ठेवलेला बरा.

स्व-व्यवहाराचे नियम मराठी कुटुंबाला विशेष खटकतात, कारण आपल्याकडे घर 'घरातच' राहावं ही ओढ असते. ट्रस्टमध्ये गेलेल्या घरात तुम्ही एक रात्रही राहायचं नाही. मुलाला, सुनेला, नातवाला ते विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. बाजारभावाने दिलं तरी नाही, जास्त भावाने दिलं तरी नाही. गंमत म्हणजे या कलमाच्या व्याख्येत सख्खा भाऊ-बहीण 'कुटुंबात' येत नाहीत, त्यांना विकणं आपोआप निषिद्ध ठरत नाही. पण भावाशी आधीच बोलणं झालं असेल तर वरचा पिकलेल्या फळाचा नियम तिथेही उभा आहे. घर एअरबीएनबीवर हॉटेलसारख्या सेवांसह चालवत असाल तर ट्रस्टकडे देण्याआधी ते बंद करा, नाहीतर त्या उत्पन्नावरही शंभर टक्क्यांची टांगती तलवार.

एका प्रकारापासून तर चार हात दूर राहावं. 'ॲन्युइटी ट्रस्टमध्ये घर टाका, ट्रस्ट विकून विमा कंपनीची ॲन्युइटी घेईल, तुमच्या हप्त्यातलं बहुतेक मुद्दल धरलं जाईल, कर जवळपास नाही' असं सांगणारी योजना गेल्या दशकात, शेतमालकांमध्ये विशेष, फिरली. २०२३ मध्ये गेरहार्ट खटल्यात करन्यायालयाने ती मोडीत काढली: मालमत्ता ट्रस्टमध्ये गेल्याने मूळ किंमत बाजारभावापर्यंत चढत नाही, आणि नफ्याचा थर ॲन्युइटीच्या आड लपत नाही. मार्च २०२४ मध्ये आयआरएसने, म्हणजे अमेरिकी करखात्याने, अशा व्यवहारांना 'लिस्टेड' म्हणजे संशयास्पद व्यवहारांच्या यादीत टाकण्याचा प्रस्तावित नियम काढला. एखाद्या सेमिनारमध्ये हीच चाल नव्या नावाने दिसली तर जेवण संपायची वाट न पाहता उठावं.

सेवा विकणारे तीन तऱ्हेचे. स्वतंत्र इस्टेट वकील दस्ताचे काही हजार डॉलर घेतो, ट्रस्टचं दरवर्षीचं विवरण (फॉर्म ५२२७) आणि लाभार्थ्याच्या हिश्शाचा करकागद (के-१) यांचं काम वेगळ्या हिशेबनीसाकडे जातं, त्याचेही दरवर्षी हजार-दोन हजार किंवा जास्त. एकूण खर्च उघडा दिसतो म्हणून महाग वाटतो, पण बहुतेकदा हाच स्वस्त पडतो. दुसरे ते, जे दस्त 'फुकट' करून देतात आणि पैसे त्यांच्याकडेच गुंतवायची अट घालतात. १७ लाखांवर वर्षाला १ टक्का म्हणजे १७ हजार, आणि ट्रस्ट पंचवीस वर्षं चालणार. या फुकटाची किंमत लाखांत जाते. यांच्या आवडीचा पुढचा टप्पा म्हणजे 'मुलांचं नुकसान भरून काढायला' आयुर्विमा. दानाची इच्छा आणि वारसांची काळजी दोन्ही खरी असतील तर त्यात चूक काही नाही, पण विम्याचा हप्ता वजा केल्यावर रोखीचं गणित पुन्हा मांडायला लावा. तिसऱ्या तऱ्हेत विद्यापीठं आणि मोठ्या संस्था. उरलेल्या पैशांचा मोठा हिस्सा अपरिवर्तनीयपणे आपल्या नावे असेल तर काही जण ट्रस्टीपण आणि हिशेब विनामूल्य किंवा कमी खर्चात करतात. ज्याचं दान ठरलेलंच आहे त्याने आधी इथे विचारावं. बरेच जण मात्र पर्यावरण तपासणीशिवाय घर-जमीन स्वीकारत नाहीत. जुनी तेलाची टाकी पुरलेली असेल तर हमखास अडतं.

दस्ताचा नमुना पाहायला कुणाला पैसे द्यायची गरज नाही. आयआरएसने युनिट्रस्टचे नमुने २००५ च्या ५२ ते ५९ क्रमांकांच्या कार्यपद्धतींत स्पष्टीकरणासह छापले आहेत. वकिलाने दिलेला मसुदा शेजारी ठेवून वाचला तर कुठे काय बदललंय ते सामान्य माणसालाही दिसतं. बदललेल्या प्रत्येक वाक्याचं कारण विचारायचं.

प्रामाणिक सल्लागार पर्यायही मांडतो. सगळ्यात जबर पर्याय काहीच न करणं हा आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसांसाठी घराची मूळ किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाइतकी होते, जुना नफा आणि घसारा दोन्ही पुसले जातात. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टनसारख्या राज्यांत घर पती-पत्नीची सामायिक मालमत्ता म्हणून असेल तर दोघांपैकी एक गेला तरी संपूर्ण घराला हा लाभ मिळतो, अर्ध्याला नव्हे. पंचाहत्तरीच्या जोडप्याने भाड्याचे ८-१० टक्के देऊन व्यवस्थापक नेमला तर कराचा प्रश्न कालांतराने आपोआप मिटू शकतो. भाडेकरूंचा कंटाळा आहे पण पैसा घरांतच ठेवायचाय, त्याला करसंहितेच्या कलम १०३१ ची अदलाबदल, म्हणजे हे घर देऊन दुसरी गुंतवणुकीची मालमत्ता घेणं: ४५ दिवसांत नवी मालमत्ता ठरवायची, १८० दिवसांत घ्यायची. ज्याला कर फक्त काही वर्षांत पसरवायचाय त्याला हप्त्याने विक्री, जिच्यात घसाऱ्याचा भाग आधी करात येतो आणि खरेदीदार बुडवेल ही जोखीम असते. एकरकमी पैसे लागणार असतील, मुलीच्या घराचं डाउन पेमेंट किंवा धंद्याला भांडवल, तर रिमेंडर ट्रस्टकडे वळूच नये. सगळं घर ट्रस्टमध्ये घालायलाच हवं असंही नाही. अविभाजित अर्धा हिस्सा ट्रस्टला देऊन तुम्ही आणि ट्रस्टने घर एकत्र विकायचं, वजावटीने स्वतःच्या हिश्शाच्या कराचा काही भाग भागवायचा, ही चाल वापरली जाते. मात्र ट्रस्टबरोबरची सहमालकी स्व-व्यवहाराच्या काठावर असल्याने ती अनुभवी वकिलाशिवाय करू नये.

पुण्याचा फ्लॅट याच मार्गाने विकता येईल का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. नाही. भारतीय करकायद्यात अशी व्यवस्थाच नाही, आणि भारतातली स्थावर मालमत्ता अमेरिकी ट्रस्टच्या नावे करणं परकीय चलन कायद्याच्या बाजूनेच अडतं. १९६१ च्या आयकर कायद्यात दीर्घकालीन नफ्यावर ८०जी ची, म्हणजे देणगीची, वजावट चालत नव्हती, आणि वस्तू किंवा जागा दान केली तर ८०जी मुळातच लागू नव्हतं, फक्त पैशाच्या देणगीला होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा नव्या क्रमांकांनीच विचारा. भारतातल्या फ्लॅटसाठी दुसरं घर किंवा ठरावीक रोखे हेच मार्ग, आणि ते तिथल्या सनदी लेखापालाचं काम.

दान मात्र महाराष्ट्रात पोचवता येतं, थेट नव्हे. ट्रस्टच्या शेवटी गावातली शाळा किंवा देवस्थान यांचं नाव थेट लिहिलं तर अमेरिकेतली वजावट जाते, कारण संस्था अमेरिकी कायद्याखालची पात्र हवी. भारत-अमेरिका करारातही दानासाठी वेगळी सवलत नाही. तशी कॅनडा, मेक्सिको आणि इस्रायलबरोबरच्या करारांत आहे. वाट अशी: शेवटचा लाभार्थी म्हणून अमेरिकेतली पात्र सार्वजनिक संस्था किंवा डोनर-ॲडव्हाइज्ड फंड (दात्याच्या सल्ल्याने अनुदान देणारा, सार्वजनिक संस्थेकडचा निधी) ठेवायचा आणि तिथून भारतात अनुदान जायचं. पैसे कुठे वापरायचे याचा अंतिम अधिकार त्या अमेरिकी संस्थेकडेच असला पाहिजे, नुसती टपालपेटी चालत नाही. संस्थेचं नाव आयआरएसच्या ऑनलाइन शोधयादीत तपासून घ्या; मंडळाची वेबसाइट चांगली आहे म्हणून ती पात्र आहे असं होत नाही. पलीकडच्या टोकाला, पैसे परदेशी संस्थेकडून येणार असल्याने घेणाऱ्या भारतीय संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. ही नोंदणी मुदतीची असते आणि ट्रस्टचे पैसे मोकळे व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागणार. तेव्हा आज नोंदणी असलेली संस्था त्या दिवशी नसेल, किंवा संस्थाच उरलेली नसेल, असं धरूनच दस्तात लाभार्थी बदलायचा हक्क स्वतःकडे ठेवा. बदली नाव फक्त सार्वजनिक धर्मादाय संस्थेचंच असेल हे वाक्य त्याच परिच्छेदात घाला, नाहीतर वर सांगितलेली २० टक्क्यांची मर्यादा आपोआप लागू होते.